अकरावी मेंढी

"हलू नको रे बाबा, दोन मिनिटं नीट उभा राहा," असं म्हणत मी बिरोबाच्या देवळासमोर गुडघे टेकून बसलो होतो आणि रावसाहेबाच्या छातीला हळद चोळत होतो.

रावसाहेब म्हणजे माझा मेंढा. अस्सल माडग्याळी, पोपटासारखं बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिगळं. नाव विकणाऱ्यानं ठेवलेलं. मी बदलणार होतो, पण दुसऱ्या कुठल्या नावाला तो मान वळवायचाच नाही. अठरा वर्षांच्या नोकरीचा फंड मी त्या एका जनावरात घातला होता, आणि ते जनावर गेले चार महिने माझ्या अकरा मेंढ्यांकडे ढुंकून पाहायला तयार नव्हतं.

हळदीचं कारण अगदी शास्त्रीय होतं. एका पुस्तिकेत मी वाचलं होतं की मेंढ्याच्या छातीला रंग लावून ठेवावा. तो ज्या मेंढीवर चढेल तिच्या पाठीला मागे रंग लागतो आणि आपल्याला बसल्या जागी कळतं. तैलरंगानं कातडी भाजते, म्हणून मी शेंगदाण्याच्या तेलात हळद कालवायची ठरवली. घरातली हळद बायकोनं डब्याला कुलूप लावावं इतकी जिवापाड जपलेली. मग रविवारी सकाळी रावसाहेबाला फिरवायला नेलं होतं तेव्हा देवळासमोरच्या टपरीवरून अर्धा किलो भंडारा घेतला. हळदच ती शेवटी. म्हटलं घरापर्यंत कशाला जायचं, इथंच लावून टाकू.

दावं मधे येत होतं, म्हणून ते गळ्यातून काढून बाजूला टाकलं. पुढच्या दोन पायांच्या मधे हात पोचेना, म्हणून खाली वाकलो. आणखी वाकलो. कपाळ जमिनीला टेकलं. नेमकं त्याच वेळी आत तायाप्पा पुजाऱ्यानं घंटा वाजवली.

मान वर केली तर समोर वीस-पंचवीस माणसं हात जोडून उभी.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" तायाप्पा गरजला.

"चांगभलं!" सगळे गरजले.

रावसाहेब दचकला आणि पळाला. मी उठून मागे धावणार, तर चौघांनी मला धरलं. राग नव्हता हो कुणाच्या चेहऱ्यावर. उलट एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"जाऊ द्या त्येला आता," तायाप्पा म्हणाला. "तुमचा न्हाई ऱ्हायला त्यो. देवाचा झाला."

"कुणाचा?"

"देवाचा. आयतवारी, देवाम्होरं, दावं काढून, भंडारा लावून, डोस्कं टेकवून सोडला की तुमी. आमच्या आज्याच्या टायमाला एकानं सोडला होता. त्येच्यानंतर तुमीच."

"अहो तायाप्पा, तो रंग होता! कुठल्या मेंढीला लागतो ते कळावं म्हणून लावला."

तायाप्पानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, देवाला मनातलं कळत न्हाई. केलेलं कळतं."

पुण्यात असतो तर भांडलो असतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी भल्याभल्यांना गप्प बसवलं आहे. पण इथं एवढ्यात कुणीतरी माझ्या डोक्याला फेटा बांधायला घेतला होता, आणि फेटा बांधून होईपर्यंत माणसाला मान हलवता येत नाही.

*

आता ही काय भानगड ते सांगतो. त्या गोष्टीला आज बावीस वर्षं झाली.

मी मुकुंद खांबेटे, लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होतो. अठरा वर्षं लोकांना वर नेलं, खाली आणलं. मग एकदा मी स्वतःच सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधे चार तास अडकलो. हातात शेतीचं एक मासिक होतं, कुणाच्या तरी दारात पडलेलं उचललेलं. दुसरं काही वाचायला नव्हतं, म्हणून त्यातला मेंढीपालनाचा लेख मी चौदा वेळा वाचला. बाहेर आलो तो नोकरी सोडायचं ठरवूनच.

वृंदा, माझी बायको, शाळेत गणित शिकवायची. ती रडली नाही, ओरडली नाही. शाळेतून वर्षाची बिनपगारी रजा घेतली आणि मला सरळ सांगितलं, "दिवाळीच्या पाडव्यापर्यंत तुमची एक तरी मेंढी गाभण दिसली पाहिजे. नाही दिसली तर आपण परत. पाडव्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी शाळा उघडते आणि मी शाळेत असेन. तुम्ही कुठे असाल ते तुमचं तुम्ही बघा."

"एक?" मी हसलो होतो. "अगं, अकराच्या अकरा दाखवतो!"

जत तालुक्यातल्या कोरटवाडीत मी चार एकर घेतले आणि पत्र्याची शेड उभी केली. शेडला पंखे बसवले. शेडचं दार म्हणजे माझा अभिमान होता. कंपनीच्या भंगारातून आणलेलं जुन्या लिफ्टचं लोखंडी सरकतं जाळीदार दार. ते ओढलं की अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा खडखडाट व्हायचा. लांडगा सोडा, हत्ती आला असता तरी माघारी गेला असता.

रावसाहेबाला मी वेगळी खोली दिली होती. दिवसातून चार वेळा खुराक, सकाळ-संध्याकाळ फिरणं, आणि अकरा ते बारा मेंढ्यांची भेट. घड्याळ लावून. भेटीच्या वेळात तो कोपऱ्यात बसून रवंथ करायचा. शेजारची लगमव्वा कुंपणावरून बघायची. सत्तरीची बाई, सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला.

"लई जाड केलाय वो साहेब," ती म्हणायची. "त्येला मेंढी नगं आता, लोड लागंल टेकायला."

मला तिचा राग यायचा. पुस्तिकेत दिलेल्या वजनाच्या दीडपट वजन होतं त्याचं, मी अभिमानानं सांगायचो.

असा हा रावसाहेब त्या श्रावणातल्या रविवारी देवाचा झाला. मी डोक्याला फेटा, हातात मोकळं दावं आणि तेलकट पिवळे हात घेऊन घरी आलो. वृंदा दारात भाजी निवडत होती.

"मेंढा कुठाय?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. ती आधी ओठ दाबून ऐकत होती. कपाळ टेकल्याचं सांगितलं तेव्हा तिनं पदर तोंडात धरला. फेट्यापर्यंत आलो तशी ती भाजीच्या ताटावर आडवी झाली. इतकं हसताना मी तिला लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

"हसतेस काय? आपण संपलो!" मी ओरडलो.

"तुम्ही संपलात," ती डोळे पुसत म्हणाली. "मी दिवाळीनंतरच्या सोमवारी शाळेत असेन."

*

देवाच्या मेंढ्याचे नियम तायाप्पानं मला ओट्यावर बसवून समजावले. त्याला बांधायचं नाही. मारायचं नाही. हाकलायचं नाही, आणि बोलवायचंही नाही. तो आपल्या पायानं दारात आला तर भाकरीचा तुकडा द्यायचा आणि भंडारा लावायचा.

"कपाळाला?" मी विचारलं.

"ह्ये नेहमी कपाळालाच असतंय. पण तुमी छातीला लावला. आता छातीलाच."

बघता बघता ती रीत पडली. बायका तेलात भंडारा कालवून ठेवायला लागल्या. रावसाहेब सकाळी एका दारात, दुपारी दुसऱ्या दारात, प्रत्येक ठिकाणी छातीला ताजा हात. भाकरीच्या तुकड्यावर आणि दिवसभराच्या भटकंतीवर तो महिन्याभरात असा सडसडीत झाला की मी एकदा एस.टी.च्या थांब्यावर त्याला ओळखलंच नाही. आणि मग काय सांगू! कोरटवाडीची मेंढरं एकेक करून पिवळी व्हायला लागली. तायाप्पाची पिवळी, सरपंचाची पिवळी, लगमव्वाच्या चाळीसपैकी एकोणतीस पिवळ्या. पुस्तिकेतली पद्धत बिनचूक होती. गावात शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं की कुठली मेंढी कधी फळली.

माझ्या अकरा मात्र पांढऱ्याच्या पांढऱ्या.

नियम होता बोलवायचं नाही. वाटेत भेटायचं नाही असा नियम नव्हता. म्हणून मी रोज दुपारी जेवून, पिशवीत खुराक भरून त्याला शोधायला निघायचो. एक ते चार, उन्हातान्हात. ओढ्यावर, माळावर, देवळामागे, थांब्यावर. तो काही त्या वेळात दिसायचा नाही. इतर वेळी दिसला तर मला पाहून असा सुटायचा की धूळ खाली बसायला वेळ लागायचा.

"रावसाहेब दिसले का हो?" मी भेटेल त्याला विचारायचो.

"हितं न्हाईत. तुमच्याच अंगाला गेल्यात बघा," लोक म्हणायचे आणि तोंड फिरवून हसायचे.

मला वाटायचं, माझी फजिती बघून हसतायत. हसा लेको!

शेवटी मी टेंपो ठरवला. दर रविवारी अकरा मेंढ्या टेंपोत भरून बिरोबाच्या दर्शनाला न्यायला लागलो. म्हटलं, तिथं तरी गाठ पडेल. मेंढ्या देवळासमोर ओळीनं उभ्या करायचो आणि आपण पोथी वाचल्यासारखं करत तासभर बसायचो. रावसाहेब फिरकला नाही. माझा मान मात्र वाढत गेला. "साहेब आपल्या मेंढरांस्नी बी दर्शन घडवत्यात" म्हणून शेजारच्या वाडीतून दोन म्हातारे माझ्या पाया पडायला आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यात आणखी एक संकट. गणपतीच्या सुमाराला माझ्या मेंढ्यांच्या पाठीमागे, शेपटीच्या वर, लालसर डाग दिसायला लागले. आज एकीच्या, चार दिवसांनी दुसरीच्या. मी हादरलो. पुस्तिका उलटीपालटी केली, त्यात कातडीचे सतरा रोग होते आणि प्रत्येक रोग मला आमचाच वाटला. तालुक्याला जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, उष्णता असेल. मी मलम आणून चोळायला लागलो.

"वृंदा, अगं सात जणींना झालंय! साथ आहे ही."

"असेल," वृंदा म्हणाली. ती मोरीत हात धूत होती. बराच वेळ धूत होती.

"आणि हा साबण कुठे जातो गं? परवा तर वड्यांचा जोड आणला."

"इथलं पाणी जड आहे," ती म्हणाली. "फेसच होत नाही."

लगमव्वानंही त्याच दिवशी कुंपणावरून विचारलं, "साहेब, रोज दुपारची तुमची लिफ्ट वाजती ती कशापायी?"

"वारा असतो आज्जी," मी म्हणालो.

"व्हय व्हय. वाराच असंल," ती म्हणाली आणि तंबाखू मळत निघून गेली.

*

दिवाळी आली. वृंदानं दोन बॅगा काढून पुसून ठेवल्या. चकल्या केल्या, पण डबे भरताना अर्ध्या वेगळ्या पिशवीत बांधल्या, प्रवासात खायला. मला परत जायचं नव्हतं. सगळे हसत होते, मेंढा गेला होता, मेंढ्यांना साथ लागली होती, तरी मला जायचं नव्हतं. सकाळी शेडमध्ये गेलं की अकरा तोंडं एकदम वळून माझ्याकडे बघायची. अठरा वर्षांत कुठल्या लिफ्टनं माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी वृंदाला म्हणालो, "हरलो मी. उद्या लगमव्वाला बोलवून तपासून घेतो, रीतसर. मग मेंढ्या तिलाच देऊन टाकू."

तिनं मान खाली घातली आणि रांगोळीचे ठिपके मोजत बसली. त्याही दुपारी मी खुराकाची पिशवी घेऊन निघालो. सवय, दुसरं काय!

पाडव्याला सकाळी शेडचं दार खडखडून उघडलं आणि मी जागच्या जागी थिजलो. कडेच्या अकराव्या मेंढीच्या पाठीवर, शेपटीच्या वर, तळहाताएवढा लख्ख पिवळा डाग!

"वृंदा! अगं वृंदा! धाव!"

वृंदा आली. दारात उभी राहिली. मी त्या मेंढीच्या गळ्यात पडून नाचत होतो, ती बिचारी ओरडत होती. माझा आरडाओरडा ऐकून लगमव्वा आली, तिच्या मागून देवळाकडे निघालेला तायाप्पा आला, मग अर्धी वाडी आली.

"पण आज्जी," मी मेंढीचा गळा सोडला. "ही कालच लागली असणार. गाभण आहे की नाही ते आज कसं कळणार? करार आजचा आहे."

"हिचं न्हाई कळायचं," लगमव्वा म्हणाली आणि सरळ पहिल्या मेंढीपाशी गेली. खाली बसून तिनं पोटाखाली हात घातला, डोळे मिटले. उठली. दुसरीपाशी गेली. तिसरीपाशी. दहा झाल्या आणि ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आठ गाभण हायत. दोन महिनं झालं असत्याल कुणाकुणाला. दोघींचं अजून सांगता येत न्हाई, पण बहुतेक हायत."

"कसं शक्य आहे?" मी म्हणालो. "एकीलाही हळद लागली नाही! मी रोज बघतो. हे लाल डाग तेवढे आले."

लगमव्वानं वृंदाकडे पाहिलं. वृंदानं हात पदराखाली घेतले.

"हळद न लागता!" तायाप्पाचा आवाज कापत होता. "न बोलवता, न दिसता! बिरोबाच्या नावानं..."

"चांगभलं!"

आणि देवा शपथ सांगतो, कुणीतरी माझ्या डोक्याला पुन्हा फेटा बांधायला घेतला.

*

सगळे गेल्यावर मी ओसरीवर बसलो होतो. वृंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या घेताना मी पहिल्यांदा तिचे हात नीट पाहिले. नखांच्या कडा पिवळ्या, बोटांच्या पेरांवर तांबूस डाग. हळदीला साबण लागला की कसा रंग येतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी हळद सांडलेल्या शर्टासाठी आईचा मार खाल्ला होता. पण मी इंजिनियर, मी मलम आणत होतो.

"किती दिवस?" मी विचारलं.

"पहिल्या आठवड्यापासून." ती पायरीवर बसली. "तुम्ही जेवून बाहेर पडलात की मी मेंढ्यांना तासभर मागच्या अंगणात सोडायची. त्या पत्र्यात कोंडलेल्या बघवत नव्हत्या मला. तो भाकरीसाठी मागच्या दारी यायचा. रोज एक वाजता. देवाचा मेंढा, हाकलता येत नाही म्हणाले होते ना तायाप्पा? मी भाकरी द्यायची. हळद लावायची. मग तो अंगणात जायचा."

"मी त्याला माळावर शोधत होतो!"

"माहीत होतं. सगळ्या वाडीला माहीत होतं."

"आणि तू पुसत होतीस."

"साबणानं. दगडावर बसवून, एकेकीला." तिचा आवाज बारीक झाला. "मला परत जायचं होतं हो. मनापासून. पाडव्याला एकही डाग दिसला नाही की तुम्ही आपणहून निघाल, असं वाटायचं. त्या गाभण राहतायत हे कळत होतं मला. तरी पुसत होते."

मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. मग ती दुपारच्या उन्हात, पदर खोचून, मेंढीच्या पाठीला साबण लावतीय, आणि मेंढी पळतीय, आणि ही तिच्या मागे, असं सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. गणिताची बाई माझी.

"दहा पुसल्यास," मी म्हणालो. "मग अकरावी का ठेवलीस?"

अंगणात रावसाहेब आला होता. सण असल्यामुळे त्याची छाती गळ्यापर्यंत पिवळी झाली होती. मी दिसूनसुद्धा तो आज पळाला नाही.

"साबण संपला," ती म्हणाली, उठली, आणि त्याला भाकरी आणायला आत गेली.

मी हात धुवायला मोरीत गेलो. कोनाड्यात साबणाची नवी कोरी वडी होती, वरचा कागदसुद्धा काढलेला नव्हता.